ट्रॅकवाला रोबो संगणकावर बांधायचा आहे? आधी पट्टा मोजा

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी रोबोनं ओढायचा, असं माझ्या भाच्यानं ठरवलं तेव्हा जुलै सुरू होता. लेगोच्या तुकड्यांचा, चाकांवर चालणारा रोबो घरात तयार होता, पण नंदी चांगला दोन किलोचा. दोरी ताणली गेली की रोबोची चाकं फरशीवर जागच्या जागी फिरायची. "मावशी, पोकलेनसारखे पट्टे लावू ना," तो म्हणाला. मेट्रोच्या कामावरची पोकलेन बघतच तो मोठा झालाय, त्यामुळे ही कल्पना त्याला सुचणारच होती.

आम्ही आठवडाभर संगणकावर एक देखणं मॉडेल बांधलं. मग खरे तुकडे जोडले, फरशीवर ठेवलं आणि पहिल्याच वळणावर डावा पट्टा उतरला. "काहून निघाला पण? कॉम्प्युटरवर तर बरोबर बसला होता," हा त्याचा प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर शोधायला आम्हाला दोन आठवडे लागले. आम्ही आधी अंग बांधलं होतं आणि उरलेल्या जागेत पट्टा गुंडाळला होता. ट्रॅकवाल्या यंत्रात हा क्रम उलटा हवा. पट्ट्याच्या मापानं चौकट ठरते आणि चौकटीच्या मापानं बाकी सगळं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून आम्ही ज्या क्रमानं दुसऱ्यांदा बांधलं, तोच इथे देते आहे.

आधी एवढं जवळ ठेवा

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. फार महागडा नको, पण माउस वेगळा हवा आणि त्याला चाक हवं. टचपॅडवर मॉडेल फिरवणं आणि तुकडा पकडणं दोन्ही जमवताना हात अवघडतो.
- तुमच्याकडे असलेल्या लेगो संचांचे क्रमांक. खोक्यावर छापलेले असतात. खोकं नसेल तर सूचना-पुस्तिकेवर बघा.
- व्हर्नियर कॅलिपर. नसेल तर मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी चालेल.
- पट्ट्याच्या किमान दहा खऱ्या कड्या आणि पट्टा फिरवणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट.
- एक वही. संगणकावर काम असलं तरी वही लागतेच.

तुकडे स्वतःचे नसतील तर शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये विचारा. मापं घेण्यापुरते दहा-बारा तुकडे तासभर हाताळायला मिळाले तरी काम होतं.

१. सॉफ्टवेअर निवडा, पण त्यात अडकू नका

जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत लेगो डिजिटल डिझायनर हे नाव सारखं दिसेल. ते २०२२ मध्ये अधिकृतपणे बंद झालं, तेव्हा आज शिकायला सुरुवात त्यावर करू नका. कुणाकडून त्याची जुनी फाइल मिळाली तर ब्रिकलिंक स्टुडिओमध्ये ती उघडून बघता येते.

नव्या माणसानं स्टुडिओच घ्यावं असं माझं मत आहे. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक दोन्हींवर चालतं. तुकडे एकमेकांत घुसले तर ते दाखवतं. विशिष्ट संचातले तुकडे तेवढे समोर मांडून बांधण्याची सोयही त्यात आहे, आणि ती सुरुवातीलाच वापरा. हजारो तुकड्यांच्या कपाटातून निवडत बसलात तर तुमच्याकडे नसलेले तुकडे हमखास मॉडेलमध्ये शिरतात.

दुसरा पर्याय एलडीकॅड. शिकायला जरा अवघड आहे, पण पट्ट्यांच्या बाबतीत फार उपयोगी. चाकांच्या जागा ठरवून दिल्या की त्यांच्याभोवती साखळी किंवा पट्टा त्यात आपोआप गुंफून घेता येतो. मी स्टुडिओत बांधते आणि पट्टा अडला तरच एलडीकॅड उघडते.

संगणकावर असं बांधणं शक्य होतं ते एलड्रॉमुळे, म्हणजे लेगोचे तुकडे फाइलमध्ये मापानिशी मांडायच्या पद्धतीमुळे. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणानं १९९५ मध्ये ती सुरू केली आणि १९९७ मध्ये तो वारला. त्याच्यामागे जगभरच्या हौशी माणसांनी एकेक तुकडा मोजून, रेखून तो संग्रह वाढवत नेला, आजही नेत आहेत. आपण माउसनं जो तुकडा सहज ओढून आणतो, त्यामागे कुणाची तरी कॅलिपर घेऊन बसलेली रात्र आहे, हे मी भाच्याला आवर्जून सांगितलं.

२. तीन मापं पाठ करा

दोन स्टडमधलं (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा) किंवा बीमच्या, म्हणजे भोकं असलेल्या दांडीच्या, दोन भोकांमधलं अंतर ८ मिमी. विटेची उंची ९.६ मिमी. चपट्या प्लेटची उंची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेट मिळून एक वीट. एलड्रॉच्या फाइलमध्ये ही मापं वेगळ्या एककात दिसतील. तिथे एक एकक ०.४ मिमीचं असतं, म्हणून भोकांमधलं अंतर २० आणि विटेची उंची २४ येते.

रोबोसाठी बहुतेक काम बीम आणि त्यांना भोकांतून जोडणाऱ्या पिन यांचंच. त्यामुळे ८ मिमी हा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि पुढे मी "भोकं" म्हणेन तेव्हा त्याच मापात बोलते आहे असं समजा.

३. पट्ट्याचा हिशोब वहीत करा

हा भाग घाईनं वाचू नका. आमची पहिली चूक इथेच झाली होती.

पट्टे दोन प्रकारचे. एक अखंड रबरी. याची लांबी ठरलेली असते, कडी काढता येत नाही की घालता येत नाही. सॉफ्टवेअरच्या संग्रहात तो एका ठरावीक आकारात असतो आणि तुमच्या चाकांप्रमाणे ताणला जात नाही. म्हणून रबरी पट्टा वापरणार असाल तर तो आधी प्रत्यक्ष चाकांवर चढवा आणि दोन ॲक्सलमधलं, म्हणजे चाकांच्या आसांमधलं, अंतर मोजा. तेच अंतर संगणकावर घ्या, त्यावर चर्चा नाही.

दुसरा प्रकार कड्यांचा. प्रत्येक कडी पुढच्या कडीत खटकन बसते, पट्टा हवा तेवढा लांब करता येतो. इथे हिशोब लागतो, आणि तो सोपा आहे.

दहा कड्या सरळ जोडून ताणा, लांबी मोजा, दहानं भागा. मिळाली एका कडीची लांबी. एकच कडी मोजली तर टोकांचा गोंधळ होतो, म्हणून दहा. मग स्प्रॉकेटचे दात मोजा. आता दोन सारखी स्प्रॉकेट समोरासमोर असतील तर:

लागणाऱ्या कड्या = (दोन ॲक्सलमधलं अंतर × २ ÷ एका कडीची लांबी) + स्प्रॉकेटचे दात

उदाहरणासाठी कडी १२ मिमीची आणि स्प्रॉकेट दहा दातांचं धरू. ॲक्सलमध्ये १२ भोकांचं अंतर ठेवलं, म्हणजे ९६ मिमी. ९६ दुणे १९२, भागिले १२ म्हणजे १६. अधिक १०. कड्या लागतील २६. पूर्णांक आला, पट्टा नीट जुळला.

आता तेच अंतर १३ भोकं करून बघा. १०४ दुणे २०८, भागिले १२ म्हणजे १७.३३. अधिक १० म्हणजे २७.३३. सत्तावीस कड्यांत पट्टा जुळणार नाही, अठ्ठावीस घातल्या तर साधारण ८ मिमी ढील राहील. आमचा पहिला पट्टा नेमका असा ढिला होता. संगणकावर तो व्यवस्थित दिसला, कारण शेवटच्या दोन कड्या जोडलेल्याच नव्हत्या, नुसत्या जवळ ठेवल्या होत्या. मॉडेल फिरवून त्या बाजूनं पाहिलंच नव्हतं.

या मापाच्या कडीला ॲक्सलमधलं अंतर ९, १२, १५ असं तिनाच्या पटीत ठेवलं की हिशोब बरोबर सुटतो. तुमची कडी वेगळ्या मापाची असेल तर वहीत अशीच छोटी तक्ता-यादी करा आणि पूर्णांक येणाऱ्या अंतरांवर गोल करा. पट्टा किंचित सैल लागतो हे खरं, पण कड्यांच्या सांध्यांत तेवढी मोकळीक आधीच असते. वेगळी ढील ठेवायची गरज आम्हाला पडली नाही.

४. पट्टा संगणकावर गुंफा

एकेक कडी आणून जोडत बसू नका. स्टुडिओमध्ये असं करा:

- स्प्रॉकेट दोन्ही जागी ठेवा. दोघांचे दात एकाच स्थितीत आहेत याची खात्री करा, नाहीतर एका टोकाला कड्या दातांवर चढलेल्या दिसतील.
- वरची सरळ ओळ बांधा. आपल्या उदाहरणात आठ कड्या. तिची प्रत काढून खाली ठेवा.
- मग अर्धगोल. दहा दातांच्या चाकाभोवती प्रत्येक कडी आधीच्या कडीपेक्षा ३६ अंशांनी वळते, कारण ३६० भागिले १०. पाच कड्यांत १८० अंश पुरे. बिजागरीच्या साधनात कोनाचा आकडा सरळ टाइप करा, माउसनं अंदाजे फिरवू नका.
- अर्धगोलाची प्रत दुसऱ्या टोकाला फिरवून लावा.
- पूर्ण पट्टा निवडून त्याचं सबमॉडेल, म्हणजे एकत्र हलणारा एक गट, करा आणि नाव द्या.

नाव द्यायचा कंटाळा करू नका. "सबमॉडेल ७" म्हणजे कोणता पट्टा, हे तिसऱ्या दिवशी कुणालाही आठवत नाही.

५. एका बाजूची चौकट

आता पट्ट्याच्या आत चौकट बांधा. स्प्रॉकेटच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी आधार द्या. एकाच बाजूनं धरलेला ॲक्सल संगणकावर सरळच राहतो, प्रत्यक्षात पट्ट्याच्या ताणानं वाकतो आणि पट्टा आतल्या बाजूला सरकत सरकत उतरतो. ॲक्सल बाजूला निसटू नये म्हणून दोन्हीकडे बुश, म्हणजे ॲक्सलवर घट्ट बसणारी छोटी कडी, घाला.

खालच्या ओळीला मधे आधाराची छोटी चाकं हवीत. ती बसवताना पिन नीट निवडा. काळी दोन भोकांची पिन आणि निळी तीन भोकांची पिन घट्ट बसते. राखाडी आणि फिकट बदामी पिन मोकळी फिरते. सॉफ्टवेअरला या दोहोंत फरक जाणवत नाही, कोणतीही घातली तरी ते चालवून घेतं. आधाराच्या चाकांना चुकून काळी पिन लागली तर मोटरला ती चाकं ओढत न्यावी लागतात.

मोटर कोणत्या टोकाला जोडायची? मागच्या. पुढे जाताना मागचं स्प्रॉकेट खालची, जमिनीला टेकलेली ओळ स्वतःकडे खेचतं आणि ढील वरच्या ओळीत जाते. मोटर पुढे लावली तर ताण वरून फिरून सगळ्या पट्ट्यात जातो.

६. दुसरी बाजू: इथे बहुतेक जण फसतात

डावी बाजू झाली. आता तिची प्रत काढायची, १८० अंशांत फिरवायची, झाली उजवी. असंच वाटतं ना? पण फिरवलेल्या प्रतीत मोटर मागून पुढे जाते. डावा पट्टा मागून ओढला जातो, उजवा पुढून. असा रोबो सरळ चालत नाही.

आपल्याला हवं असतं आरशातलं प्रतिबिंब, फिरवलेली प्रत नव्हे. आपले दोन तळहात समोरासमोर धरून बघा, फरक लगेच कळतो. पट्टा आणि साधे बीम दोन्ही बाजूंना तसेच चालतात. मोटर, कोपऱ्याचे जोड आणि गिअर मात्र हातानं पुन्हा बसवावे लागतात. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

समोरासमोर तोंड करून बसवलेल्या मोटरी एकच आज्ञा दिली तर विरुद्ध दिशांना फिरतात. कोड लिहिताना एकीची दिशा उलटवायची आहे, हे वहीत आत्ताच लिहून ठेवा.

दोन पट्ट्यांमध्ये अंतर किती? पट्टे चाकांसारखे वळत नाहीत. वळताना ते जमिनीवर आडवे घासतात. पट्ट्याची जमिनीला टेकलेली लांबी ही दोन पट्ट्यांच्या मध्यांतल्या अंतराच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नका. आमची लांबी १३ भोकं होती आणि अंतर फक्त ७. वळताना कड्यांवर आडवा जोर आला, त्यात पट्टा ढिला, म्हणून उतरला. दुसऱ्या वेळी अंतर १२ केलं.

७. मोटर आणि गिअर

दोन गिअरच्या दातांची बेरीज करून निम्मी करा, तेवढे मिलिमीटर अंतर त्यांच्या ॲक्सलमध्ये लागतं. १२ आणि २० दातांचे गिअर म्हणजे १६ मिमी, बरोबर दोन भोकं. ८ आणि ४० म्हणजे २४ मिमी, तीन भोकं. २४ आणि ४० म्हणजे चार भोकं. जे आठाच्या पटीत येत नाही ते सरळ बीममध्ये बसणार नाही.

ओढण्यासाठी गिअरनं वेग कमी करून जोर वाढवावा, असं सगळे सांगतात. आम्हीही केलं. पण नंदी हलेना तेव्हा मी नीट पाहिलं, मोटर थांबत नव्हती, पट्टा घसरत होता. अडचण जोराची नव्हती, पकडीची होती. पट्टा लावला म्हणून पकड आपोआप वाढत नाही. चाकांच्या रोबोत बरंचसं वजन मागच्या फिरत्या गोळीवर पडतं आणि ते ओढायला कामी येत नाही. पट्ट्याच्या रोबोत सगळं वजन चालत्या पट्ट्यावर पडतं, खरा फायदा तो. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पोकलेन चालते ती वेगळ्या कारणानं. पट्टा वजन पसरवतो म्हणून ती रुतत नाही. फरशीवर रुतण्याचा प्रश्नच नाही, तिथे प्लास्टिकच्या कड्या गुळगुळीत असल्यानं उलट घसरतात. रुंद कड्यांच्या भोकांत बसणारे रबरी तुकडे मिळतात. आम्ही एक सोडून एक कडीला ते लावले आणि नंदी हलला.

८. मेंदू आणि वायरी

आमचा रोबो ईव्ही३चा, म्हणजे लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या रोबो-मालिकेतला. मोटरींना आज्ञा देणारा त्याचा मुख्य ठोकळा या मापात दोन पट्ट्यांच्या मधे मावत नाही, वर बसतो. तो जितका खाली आणि मध्यावर ठेवता येईल तितका ठेवा. मग हे तपासा: सेल बदलायला मागचं झाकण उघडतं का? यूएसबीची वायर आत जाते का? बटणांपर्यंत बोट पोचतं का?

संगणकावरच्या मॉडेलमध्ये वायरी सहसा कुणी काढत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच सर्वांत जास्त छळतात. ईव्ही३च्या वायरी २५, ३५ आणि ५० सेंटिमीटरच्या असतात, जाड असतात, हव्या तशा वाकत नाहीत. मोटरच्या खाचेसमोर तीन-चार भोकं मोकळी जागा सोडा. लोंबणारी वायर पट्ट्यात गेली तर कडी तुटू शकते.

ईव्ही३ आता नवा मिळत नाही. लेगोनं माइंडस्टॉर्म्स ही मालिकाच २०२२ च्या अखेरीस थांबवली. शाळांकडे मात्र अजून बरेच आहेत. तुमच्याकडे स्पाइक प्राइम हा लेगोचा दुसरा रोबो-संच असेल तरी वरचं सगळं तसंच लागू पडतं, मोटरींचा आकार तेवढा वेगळा.

९. बांधण्याआधी शेवटची फेरी

- तुकडे एकमेकांत घुसल्याची खूण कुठे दिसते का ते बघा. पट्ट्यापाशी विशेषतः.
- मॉडेल उलटं करून खालून बघा. पोटाखाली किमान दोन भोकांची उंची मोकळी हवी.
- प्रत्येक पिनला दोन्ही बाजूंनी काहीतरी धरतं आहे ना? हवेत तरंगणारा तुकडा सॉफ्टवेअर मुकाट्यानं राहू देतं.
- तुकड्यांची यादी काढा आणि घरातल्या तुकड्यांशी ताडून बघा. परदेशातून सुटे मागवले तर वेळ लागतो आणि सीमाशुल्कही पडू शकतं. म्हणून जे घरात नाही त्याच्या जागी दुसरं काय बसेल हे आधी शोधा. बीमचा रंग बदलल्यानं रोबोचं काही बिघडत नाही.
- फाइल दोन ठिकाणी ठेवा. भर पावसात वीज गेली आणि आमचं तीन तासांचं काम गेलं, त्यानंतर मी दर अर्ध्या तासानं नवीन क्रमांकानं जतन करते.

प्रत्यक्ष बांधताना एकच बाजू आधी पूर्ण करा आणि पट्टा हातानं फिरवून बघा. अडकत असेल, सैल वाटत असेल, तर तिथेच थांबा. जे बदलाल ते लगेच फाइलमध्येही बदला, नाहीतर उजवी बाजू जुन्या मापानं बांधली जाते.

आणि तुमच्याही घरी नंदी ओढायचाच असेल तर दोरी रोबोच्या मागच्या बीमला, जमिनीपासून शक्य तितकी खाली बांधा. आम्ही आधी वरच्या ठोकळ्याजवळ बांधली होती. दोरी ताणली की रोबोचं नाक उचललं जायचं आणि पट्ट्याचा निम्मा भाग जमिनीला टेकतच नसे. दोरी चार भोकं खाली घेतली तेव्हा नंदी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेला.